त्या उन्हाळ्यात जळलेली युनिटं

परवा नातू हिंजवडीहून गाडी घेऊन आला. डिकीत त्यानं भलामोठा खोका बसवलाय, सबवूफर म्हणतात त्याला, आणि तो खोका चार दिवस गप्प पडला होता. दोन दुकानं पालथी घालून झाली, मोबाइलवर कुणाकुणाचं बघून झालं, आणि आता अंगणात डिकी उघडी टाकून तो कमरेवर हात ठेवून उभा होता. मी म्हटलं, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून आण. तो हसला. "आजी, तुला काय कळतंय यातलं?" या वयात उत्तर देण्यापेक्षा हात चालवलेला बरा. खोक्यातून आलेल्या दोन वायरी सेलच्या दोन टोकांना लावल्या, काढल्या, परत लावल्या. स्पीकर जिवंत असेल तर 'टक' असा एवढासा आवाज होतो. तोही नाही. पडदा बोटांनी हलकेच दाबला तर आत खरखर घासलं. "कॉइल जळालीय," मी म्हटलं, "आणि नवी टाकलीस तर तीही जळेल. आवाज फाटायला लागला तरी तू बटण पुढंच ढकलतोस. नाक लावून बघ." त्यानं वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मला तो वास केव्हाच आला होता. करपलेल्या लाखेचा, थोडा गोडसर, घशात बसणारा. त्या वासामुळंच हे लिहायला बसले, नाहीतर हे सगळं उकरून काढायची मला काडीची हौस नव्हती.

पौडला एसटी स्टँडच्या मागं आमचं दोन खोल्यांचं घर होतं. अब्बांचा धंदा लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा. मुळशीच्या वाड्या-वस्त्यांवर तेव्हा सगळीकडं वीज कुठली? म्हणून अब्बांनी लिलावातली एक म्हातारी जीप घेतली होती. मागच्या बाकाच्या जागी ॲम्प्लिफायर, आमच्या भाषेत मशीन, नटबोल्टनं आवळून बसवलेला, तो जीपच्याच बॅटरीवर चालायचा. टपावर दोन भोंगे. लग्न असो, जत्रा असो, उरूस असो की तहसीलदारांची दवंडी असो, जीप मंडपाशेजारी लावायची, भोंग्यांची तोंडं गावाकडं करायची, की झालं. अब्बांचं नाव बाबूभाई. "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन बोहल्याकडं यावं, बाकीच्या मंडळींनी जागा सोडावी," हे त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय आमच्या खोऱ्यात कुणाचं लग्न लागल्यासारखं वाटत नसे. मुहूर्त टळायला आला की भटजीही अब्बांकडंच बघायचे. मंगलाष्टकं अब्बांना त्यांच्याइतकीच पाठ होती.

घरात आम्ही सगळे ओरडून बोलायचो. हे मला सासरी गेल्यावर कळलं. तोवर वाटायचं, माणसं अशीच बोलतात. अम्मा चुलीपाशी सुकट भाजत असायची, बाहेर अब्बा मशीन तपासत असायचे, "हॅलो, हॅलो, वन, टू," मध्येच जीपचं इंजीन खोकायचं, स्टँडवरून कंडक्टरची घंटा, आणि या सगळ्याच्या वरून अम्माची हाक, "अवो, भाकरी गार व्हतीया." तीन हाका झाल्या की ती उठून थाळी त्यांच्यासमोर आणून आदळायची. आम्ही हसायचो. स्पीकरवाल्याच्या घरात हळू कोण बोलणार, असं अम्माच म्हणायची. लग्नाच्या दिवसात तर आमची चूल निम्मीच पेटायची. लग्नघरची मंडळी जीपपर्यंत पत्रावळी आणून द्यायची, भात, वरण, वांग्या-बटाट्याचा रस्सा आणि मूठभर बुंदी. अब्बा बुंदी फडक्यात बांधून घरी आणायचे. आजही बुंदी म्हटलं की मला डिझेलचा वास येतो.

दहावीनंतर माझं शिक्षण संपलं. भाऊ पिंपरीच्या कारखान्यात चिकटला, त्याला या भोंग्यांची लाज वाटायची. म्हणून दुरुस्तीचं काम माझ्याकडं आलं. भोंग्याच्या बुडाशी एक लोखंडी डबा असतो, त्याला युनिट म्हणतात. त्यात पातळ पडदा, आणि पडद्याला केसासारख्या तारेचं वेटोळं, तीच कॉइल. ती चुंबकाच्या फटीत अधांतरी बसली पाहिजे. कुठं टेकली की आवाज घासतो. मी जुन्या एक्स-रेच्या बारीक पट्ट्या कापून फटीत चारी बाजूंनी घालायची, पडदा बसवायची, स्क्रू आवळायची आणि मग पट्ट्या एकेक करून ओढून काढायची. अब्बांची बोटं जाड, त्यांना ते जमायचं नाही. "रशू, तुझ्या हातात नजर हाय," ते म्हणायचे. कौतुक त्यांच्याकडून एवढंच मिळायचं, तेही कधीतरी.

त्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं होतं. सासर भोरकडं. तीन एसट्या बदलून जायचं, म्हणजे परत येणं सणासुदीलाच. लग्नसराई संपली की माझा निकाह, असं ठरलं. आणि नेमक्या त्याच लग्नसराईत आमची युनिटं जळायला लागली. पहिलं भुकूमच्या लग्नात गेलं. ऐन मंगलाष्टकात एक भोंगा फाटक्या आवाजात चिरकला आणि गप्प झाला. लोक हसले. अब्बा हसले नाहीत. मग आठ दिवसांत आणखी एक, मग एका दिवसात दोन्ही. चांदणी चौकापलीकडचा एकजण नवं मशीन घेऊन खोऱ्यात शिरायला टपलेलाच होता, आणि लोक आता उघड म्हणायला लागले होते, "बाबूभाईचं मशीन थकलं." जत्रांची बोलणी पावसाळ्याच्या आधी व्हायची. ती गेली की धंदा गेला, हे सांगायला कुणी नको होतं. मला दुसरीच काळजी. मी गेल्यावर हे सगळं बघणार कोण? जायच्या आधी खोट सापडलीच पाहिजे, असं मी मनाशी धरलं. अम्मा माझ्या कपड्यांची पेटी भरत होती आणि मी युनिटं उघडून बसत होते. ती म्हणायची, "नवरीचे हात बग. निस्ते काळे."

खोट शोधायची एक रीत असते आणि ती मी सोडली नाही. आधी बघितलं, तार तुटलीय की जळालीय. जीप खड्ड्यात आदळली तर कॉइलची तार टोकाशी तुटते, कॉइल स्वच्छ राहते. आमच्या सगळ्या कॉइली काळ्याठिक्कर. म्हणजे रस्त्याचा दोष नाही, जास्त ताकद गेली. मग ॲम्प्लिफायरच्या पाठीमागच्या जोडण्या बघितल्या. दोन भोंगे जोडले की कोणत्या खुंटीवर वायर लावायची, ते ठरलेलं असतं. बरोबर होतं. मग बॅटरीवर संशय घेतला, कारण बॅटरी उतरली की मशीनला दम राहत नाही, आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कॉइलला भाजून काढतो. बॅटरी नवी आणली. दोन लग्नं नीट गेली, तिसऱ्यात पुन्हा तोच वास. मग कुणीतरी म्हणालं, पडदे डुप्लिकेट आहेत. अब्बा पुण्याला जाऊन चांगले पडदे घेऊन आले, तेही जळाले. शेवटी ॲम्प्लिफायर काढला, पोत्यात गुंडाळला, एसटीच्या टपावर टाकला आणि आम्ही दोघं पुण्याला बुधवार पेठेत एका मेकॅनिककडं गेलो. त्यानं दिवसभर ठेवून घेतला. संध्याकाळी म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे. वापरणाऱ्याला विचारा." अब्बांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. मला वाटलं, राग गिळला. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले, मी दोनदा काहीतरी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं नाही. मीही थकले होते. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

मुठा गावातल्या एका मोठ्या घरचं लग्न त्या सराईतलं शेवटचं. त्यांच्या हातात जत्रेची कमिटी होती, म्हणून हे लग्न नीट पार पडणं फार महत्त्वाचं. आदल्या दिवशी दुपारीच आम्ही जीप घेऊन गेलो. आमच्यात आवाज लावायची एक पद्धत होती. एकानं मशीनवर बसायचं आणि दुसऱ्यानं लांब जाऊन ऐकायचं. लांबच्याच्या हातात पंचा. पंचा वर हलवला की वाढव, खाली सोडला की कमी कर, आणि डोक्याला गुंडाळला की जमलं, आता हात लावू नको. मी लहान होते तेव्हा पंचा घेऊन मीच धावायची. आता लग्न ठरलेली मुलगी परक्या गावात बांधावरून कुठं हिंडणार, म्हणून ओढ्यापलीकडच्या बांधावर अब्बा गेले आणि मी जीपमध्ये बसले.

मी रेकॉर्ड लावली. अब्बांनी पंचा वर हलवला. मी वाढवलं. पुन्हा पंचा वर. मी आणखी वाढवलं. एरवी मी जिथं थांबले असते, ती जागा मागं गेली होती. आवाजाच्या कडा खरखरायला लागल्या होत्या, जीपचा पत्रा थरथरत होता, आणि तिकडं पंचा हलतच होता. मंडपात तांदूळ पाखडणाऱ्या बायांनी सुपं खाली ठेवली आणि कानांवर हात घेतले. घरातून एक म्हातारी काठी टेकत आली. "आगं पोरी, बंद कर त्ये. फडताळातली भांडी नाचाया लागली माझी." मी घाबरून मशीन बंदच केलं. एकदम शांत झालं. ओढ्याचं पाणी ऐकू आलं. मी बांधाकडं बघितलं. अब्बांनी पंचा घेतला आणि सावकाश डोक्याला गुंडाळला. जमलं.

मला पहिल्यांदा हसू आलं, खरंच सांगते. वाटलं, चेष्टा करतायत. मग ते बांधावरून उतरून आले, खूश होते, म्हणाले, "आता कसं मोकळं वाटलं बग." मशीन बंद झालंय हे त्यांना कळलंच नव्हतं; लांबून त्यांनी बघितले होते ते फक्त बायांचे कानांवर गेलेले हात. तेव्हा सगळं माझ्या ध्यानात आलं. अम्माच्या तीन हाका. एसटीतली गप्प खिडकी. तीस वर्षं हा माणूस भोंग्याच्या बुडाशी बसला होता. लग्नघरच्यांनी कान झाकले म्हणजे मशीन चांगलं, ही आमच्या धंद्यातली समजूत, आणि आता त्यांच्याकडं मोजायला तेवढंच उरलं होतं. लोक कान झाकेपर्यंत ते बटण फिरवत होते. खोट सापडली होती. ती मशीनमध्ये नव्हती.

आता कुणी म्हणेल, सांगून टाकायचं. आता कानात घालायचं यंत्र मिळतं, माझी विहीणच वापरते आणि नको ते ऐकते. तेव्हा बहिरा म्हटलं की माणूस मोडीत निघाला, आणि स्पीकरवाला बहिरा म्हटल्यावर तर सगळा तालुका पोट धरून हसला असता. म्हणून अब्बा पाहुण्यांशी बोलत होते तेवढ्यात मी मशीनचं झाकण काढलं आणि आवाजाच्या बटणाच्या वायरीत मधेच एक रेझिस्टर सोल्डर केला. ज्वारीच्या दाण्याएवढा असतो, वायरीतला गतिरोधकच म्हणा. बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी आवाज निम्म्यावरच थांबणार. मुठ्याचं लग्न छान पार पडलं. भोंगे खणखणीत वाजले, जत्रा आम्हाला मिळाली. अब्बा मात्र दिवसभर बटणाशी चाळवाचाळव करत होते, आणि मंडपाकडं बघत होते.

चार दिवसांनी मी ओसरीवर मसाल्याच्या मिरच्यांची देठं खुडत होते. अब्बा मशीन मांडीवर घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. झाकण उघडं होतं. त्यांनी आत बोट दाखवलं.

"ह्ये सोल्डर माझं न्हाई. येवडं बारीक मला येत न्हाई."

मी मान खाली घातली. त्यांनी माझी हनुवटी वर केली. ओठ दिसायला हवे होते त्यांना, हे तेव्हा उमगलं.

"कवा बशिवलंस?"

"मुठ्याला. लग्नाच्या आदल्या दिवशी."

"म्हंजी तुला कळलं."

मी मान हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मिरच्यांच्या हातानं पुसताही येईना.

"मला कळून दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "आदी पाखरांचा आवाज गेला. मग तुझ्या अम्माचा. येवडा वाढवला की मंगलाष्टकातली येखादी वळ आत यायची. तेवडीच. म्हून वाढवायचो. जळतंय त्ये कळत व्हतं, वास काय नाकाला येत न्हाई व्हय?"

"मग आता काढू का तो?"

"ऱ्हाऊ दे. चांगला बशिवलाय. तू गेल्यावर त्यो हाय की वाढू न देणारा." त्यांनी झाकण लावलं. मग म्हणाले, "अम्माला सांगू नगंस. आन् रशू, येक हाय. काझीसायेब मंडपात काय म्हंतील त्ये मला तोंडपाठ हाय, न्हाई ऐकू आलं तरी चालंल. पर तुला आत इचारतील, तू कबूल म्हंशील, त्ये काय मशीनवर न्हाई यायचं. त्ये मला ऐकायचंय."

"मी मोठ्यानं म्हणीन अब्बा. बांधापर्यंत जाईल असं."

ते हसले. "बांधापत्तूर नगं. दारापत्तूर येऊ दे."

पुढचे पंधरा दिवस मी मनातल्या मनात तो शब्द म्हणत होते. विहिरीवर, चुलीपाशी, अंथरुणात. एकदा घरात कुणी नव्हतं तेव्हा मोठ्यानं म्हणूनही बघितला. आला चांगला. मला वाटलं, यात काय एवढं? तीन वेळा एक शब्द म्हणायचा. ज्या पोरीनं लहानपणी अख्ख्या जत्रेत "हॅलो, हॅलो" केलंय, तिला हे काय जड?

निकाहाच्या दिवशी आतली खोली बायकांनी गच्च भरली होती. मोगरा, घाम, तुपातल्या बिर्याणीचा वास, आणि माझ्या तोंडावर लाल ओढणी. मामू निकाहातले वकील होते, म्हणजे नवरीची कबुली विचारून घेणारे; ते दोन साक्षीदारांना घेऊन आत आले आणि बायका एकदम चिडीचूप झाल्या. ओढणीतून मला दार दिसत होतं. दारात अब्बा उभे होते, एक हात चौकटीवर, मान थोडी पुढं. मामूंनी विचारलं. मी तोंड उघडलं आणि शेजारी बसलेल्या चाचीनं माझ्या मांडीला चिमटा काढला. "हळू. नवरीची जात हाय." निघालं ते नुसती हवा होती. मामू जवळ वाकले, त्यांना पोचलं. दुसऱ्यांदा विचारलं. मी अब्बांकडं बघितलं. मनात म्हटलं, आता. पण चाळीस बायका माझ्याकडं बघत होत्या, आणि उद्या भोरला कोण काय म्हणेल हे माझ्या डोक्यात शिरलं होतं. पुन्हा तसंच निघालं. तिसऱ्यांदा तर मला रडूच कोसळलं, आणि तो शब्द त्या रडण्यात गेला. बायकांना ते आवडलं. "गुणाची हाय पोर," कुणीतरी म्हणालं.

मी पुष्कळदा स्वतःला समजावलंय की अठरा वर्षांच्या पोरीकडून आणखी काय होणार होतं. समजूत पटते, दोन-चार महिने टिकते, मग पुन्हा जाते. कंटाळा आलाय आता त्याचाही.

मामू उठून दाराशी गेले. अब्बा हलले नव्हते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, मामूंच्या तोंडाकडं बघितलं.

"म्हनली का?"

"म्हनली की, भाईजान. तिन्ही येळंला."

"बरं झालं," अब्बा म्हणाले, आणि बाहेर मशीनकडं गेले.